रॅम्प आहे, चढून दाखवा

सरकारी इमारतीला रॅम्प असतो. नकाशात तर असतोच असतो. रॅम्प दाखवल्याशिवाय नकाशा मंजूर होत नाही आणि नकाशा मंजूर झाला की रॅम्पचं काम संपतं.

मग इमारत उभी राहते. अडीच फूट जोतं, पुढे पाच पायऱ्या आणि कडेला आठ फुटांचा सिमेंटचा उतार. उद्घाटनाला आलेली मंडळी त्यावर मोटारसायकली लावतात. रॅम्पचा तो पहिला वापर. बहुधा शेवटचाही.

नियम काय म्हणतो? एक फूट चढायला बारा फूट लांबी. म्हणजे अडीच फूट जोत्याला तीस फूट रॅम्प. नऊ मीटरच्या आत दम घ्यायला एक सपाट टप्पा. दोन्ही बाजूंना कठडा, तोही दोन उंचींवर. गुत्तेदार म्हणतो, "साहेब, तीस फूट टाकला तर रस्त्यावर जाईल की." साहेब म्हणतात, "मग बसंल तेवढा बसव."

बसेल तेवढा बसवतात. ज्याला चढायचं असतं, तो खाली बसतो.

आठ फुटांत अडीच फूट चढ म्हणजे काय होतं, हे विचारायला अभियंता नको. शाळेतली पोरं सांगतील. ती त्यावरून घसरगुंडी खेळतात.

हे सगळं महाराष्ट्रात कुठल्याही तालुक्याचं नाव घालून लिहिता येईल. मग धाराशिव जिल्ह्यातल्या सास्तूर गावाचंच नाव का घ्यायचं?

कारण इमारत चुकीची बांधली की काय होतं, हे या गावाला कुणी शिकवायची गरज नाही.

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. गणपती बोळवून माणसं झोपलेली. दगडमातीच्या हातभर जाड भिंती, वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार म्हणून पिढ्यान् पिढ्या कौतुक झालेलं घर भूकंपात काही सेकंदांत अंगावर आलं. किल्लारीचं नाव जगभर झालं. लोहाऱ्याजवळच्या सास्तूरनेही तेवढंच सोसलं, पण बातमीच्या मथळ्यात एकाच गावाला जागा असते.

हजारो माणसं गेली. आणखी हजारो जखमी झाली. मेलेल्यांचे आकडे दरवर्षी ३० सप्टेंबरला छापून येतात. कमरेखाली कायमचं अधू होऊन वाचलेल्यांचे आकडे कुठल्या वर्षी छापून आले, आठवतंय का?

त्यानंतर पुनर्वसन झालं. ते मोठं झालं, हे मान्यच करायला हवं. जागतिक बँकेचं कर्ज आलं, ५२ गावं जुनी जागा सोडून नव्या जागी वसवली गेली, सरळ रेषेत रस्ते आखले गेले. घराचा आकार जमिनीवरून ठरला. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला २५० चौरस फूट, त्यापुढच्याला ४००, सात हेक्टरांच्या वरच्याला ७५०.

म्हणजे सातबारा पाहून घर मिळालं. पाय पाहून नाही.

गवंड्यांना प्रशिक्षण मिळालं. जोत्यावर बँड, दारं-खिडक्यांवर बँड, कोपऱ्यात उभी सळई. आज या पट्ट्यातल्या मिस्त्रीला लिंटेल बँड म्हणजे काय, असं विचारलं तर तो तुमच्याकडे पाहून हसेल. घरमालकही सळई मोजतो. सळई खाल्ली तर काय होतं, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्याच मिस्त्रीला एकास बारा म्हणजे काय, विचारा. तो माल कालवायचं प्रमाण समजेल.

दोष मिस्त्रीचा नाही. सळईचा नियम भीतीने रुजला. रॅम्पचा नियम परिपत्रकाने आला. आपल्याकडे कुठला नियम जगतो, हे वेगळं सांगायला नकोच.

आता योगायोग पाहा. सास्तूर, किल्लारीच्या पट्ट्यात नवी घरं उभी राहत होती, त्याच काळात दिल्लीत अपंग व्यक्तींसाठीचा कायदा झाला. १९९५ चा कायदा. अंमल ७ फेब्रुवारी १९९६ पासून. सार्वजनिक इमारतींत रॅम्प हवेत, स्वच्छतागृहं वापरता येतील अशी हवीत, असं त्यात लिहिलं होतं. बरोबर एक मेखही होती. आर्थिक कुवतीच्या मर्यादेत राहून.

सरकारची कुवत कमानीला पुरते, स्वागतफलकाला पुरते. मर्यादा नेमकी रॅम्पपाशी येते.

वीस वर्षं या मेखेवर निघाली. मग २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. हा मात्र दातवाला होता. कलम ४४ म्हणतं, सुगम्यतेचे निकष न पाळणाऱ्या आस्थापनेच्या इमारतीला बांधकामाची परवानगीच द्यायची नाही. तरीही बांधली तर पूर्णत्वाचा दाखला द्यायचा नाही. वापरही सुरू करू द्यायचा नाही. कलम ४५ म्हणतं, जुन्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुधारा. नियम जून २०१७ चे. म्हणजे पाच वर्षं जून २०२२ मध्ये भरली.

भरली ना? मग तुमच्या तालुक्याच्या कार्यालयात एकदा चक्कर मारून या. चालत जाऊ नका.

दंडही आहे. पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत. पुन्हा केलं तर पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत. दुसऱ्यांदा दंड व्हायला आधी पहिल्यांदा व्हावा लागतो, ही यातली छोटीशी अडचण.

तुम्ही म्हणाल, कायदा इतका स्पष्ट असताना अडतं कुठे?

कायद्याने सांगितलं, निकष नियमांत येतील. नियमांनी सांगितलं, निकष मार्गदर्शक सूचनांत आहेत. सूचना उघडल्या, तर बरंचसं ‘असावं’, ‘असल्यास बरं’, ‘शक्यतो’, अशा थाटात. सक्तीचा कायदा दोन जिने उतरून शिफारस झाला. उतरताना मात्र त्याला रॅम्प लागला नाही.

राजीव रतुरी हे दृष्टिहीन गृहस्थ याच प्रश्नावर २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१७ च्या डिसेंबरात न्यायालयाने सविस्तर आदेश दिले, मुदती घालून दिल्या. मुदती गेल्या. ८ नोव्हेंबर २०२४ ला तत्कालीन सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठाने निकष सूचनांवर सोपवणारा तो पंधराव्या क्रमांकाचा नियमच मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि केंद्राला सांगितलं, तीन महिन्यांत सक्तीचे निकष करा. न पाळणाऱ्यांचे पूर्णत्वाचे दाखले रोखा, दंड करा, हेही सांगितलं.

२००५ ते २०२४. न्यायालयाच्या पायऱ्या चढण्यात एका दृष्टिहीन माणसाची एकोणीस वर्षं गेली. आणि मुद्दा काय होता? पायऱ्या.

बरं, महाराष्ट्राचं काय? महाराष्ट्र मागे कसा राहील! डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळता जवळपास सगळ्या राज्याला एकच बांधकाम नियमावली मिळाली. त्यात अडथळामुक्त प्रवेशाचे नियम मिलिमीटरसह आहेत. दार किती रुंद, कठडा किती उंच, स्वच्छतागृह केवढं. डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग निघाला. असा विभाग काढणारं देशातलं पहिलं राज्य, असं सरकारने सांगितलं.

आणि पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, मुंबईत खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात व्हीलचेअर वापरणाऱ्या विराली मोदी यांना स्वतःच्या लग्नासाठी उचलून दुसऱ्या मजल्यावर न्यावं लागलं. लिफ्ट नव्हती. अधिकारी खाली आले नाहीत, असं त्यांनी जाहीरपणे लिहिलं. तेव्हाचे उपमुख्यमंत्री फडणवीस यांनी दिलगिरी व्यक्त केली, दखल घेतली.

विराली मोदी या क्षेत्रातल्या नामवंत कार्यकर्त्या. त्यांना इंग्रजीत लिहिता येतं, हजारो लोक ते वाचतात. लोहारा तालुक्यातल्या एखाद्या मावशीला उचलून नेलं, तर दखल कोण घेणार? फार तर उचलणाऱ्याची कंबर.

परत सास्तूरकडे येऊ. इथे भूकंपानंतर उभं राहिलेलं स्पर्श रुग्णालय आहे. दिव्यांग मुलांची निवासी शाळा आहे. म्हणजे व्हीलचेअर आणि कुबडी म्हणजे काय, हे गावाला ठाऊक आहे. प्रश्न असा आहे, की शाळेतून शिकून ते पोरगं बाहेर पडलं, की पुढची इमारत कुठली? बँक. पोस्ट. तहसील. बसस्थानक. मंगल कार्यालय.

शिकवलं तर सगळं. आत जायचं कसं, तेवढं राहिलं.

आता परवानगीची गंमत ऐका. खाजगी बांधकामाला परवानगी मागावी लागते. सरकारी इमारतीची तऱ्हा वेगळी. नगररचना कायद्यानुसार सरकारी खात्याने नियोजन प्राधिकरणाला आपला इरादा तेवढा कळवायचा असतो. इस्टिमेट त्याच खात्याचं. तांत्रिक मान्यता त्याच खात्याची. देखरेख त्याच खात्याची. मोजमाप पुस्तक त्याच खात्याचं. काम पूर्ण झाल्याचा शेराही त्याच खात्याचा.

परीक्षार्थीच पर्यवेक्षक, परीक्षार्थीच परीक्षक. तरी रॅम्प नापास होतो, म्हणजे बघा!

मोजमाप पुस्तकात रॅम्प कसा मोजला जातो? घनमीटरमध्ये. काँक्रीट किती लागलं, मुरूम किती भरला, फरशी किती बसली. उतार किती आहे, याचे पैसे मिळत नाहीत. ज्याचे पैसे मिळत नाहीत ते मोजत नाहीत, हा बांधकाम खात्यातला गुरुत्वाकर्षणाचा नियम.

वर चकचकीत टाइल्स. पावसाळ्यात त्यावर धडधाकट माणूसही दिव्यांग होऊ शकतो.

शाळांचं पाहा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच अडथळामुक्त प्रवेश आहे. दरवर्षी शाळा ऑनलाइन माहिती भरते. रॅम्प आहे का? हो. कठडा आहे का? हो. झालं. राज्याचा अहवाल हिरवागार. पोरगं फाटकातून आत येतं ते आईच्या कडेवर. आईला रकाना नाही.

याच शाळेत मतदान केंद्र असतं. त्या दिवशी मात्र चमत्कार घडतो. लाकडी फळ्यांचा रॅम्प येतो, व्हीलचेअर येते, ढकलायला स्वयंसेवक येतो, फोटो काढायला माणूस येतो. संध्याकाळी पेट्या जातात. पाठोपाठ रॅम्पही जातो.

लोकशाहीत दिव्यांगाला पाच वर्षांतून एकदा चढता येतं. 

स्वच्छतागृहाबद्दल बोलायचं? कागदावर ते आहेच. दार बाहेर उघडणारं, आत वळायला जागा, भिंतीला दांडे. प्रत्यक्षात आत जुनी कपाटं, झाडू, गेल्या निवडणुकीचे फलक. बाहेर कुलूप. चावी शिपायाकडे. चौकशी केली तर उत्तर मिळतं, "वापरत नाही ना कुणी, म्हणून कुलूप लावलं." कुलूप लावलं म्हणून कुणी वापरत नसेल, ही शंका मनाला शिवत नाही.

हाच युक्तिवाद पुढे रॅम्पलाही लागतो. "आमच्याकडं येतंच कोण तसलं?" २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग मोजले गेले. ते कार्यालयात दिसत नाहीत, हे खरं. विहिरीला दोर नाही आणि म्हणे गावाला तहानच नाही.

शिवाय रॅम्प फक्त व्हीलचेअरवाल्यांचा, हे कुणी ठरवलं? गावात आता राहिलंय कोण? पोरं पुण्यात, सुना पुण्यात, गावात गुडघे धरून बसलेले आप्पा आणि काकू. बँकेच्या पायऱ्या त्यांनाच चढायच्या. पाचवा महिना लागलेली लेक, पाय मोडलेला ऊसतोड कामगार, डोळ्यांचं ऑपरेशन झालेली आजी. यातलं कुणी चाळीस टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र घेऊन फिरत नाही.

निराधार योजनेचा पगार चालू ठेवायचा, तर हयातीचा दाखला हवा. तो द्यायला तहसीलला जा, वर चढा. चढता आलं की हयात. नाही चढता आलं, तर सरकारदरबारी शंका.

प्रमाणपत्राचीही तीच कथा. आपल्याला चालता येत नाही, हे सिद्ध करायला आधी जिल्ह्याच्या गावी जायचं, रांगेत उभं राहायचं. उभं राहता आलं, तर टक्के कमी पडायचे! माणसाची टक्केवारी डॉक्टर ठरवतात. रॅम्पची टक्केवारी कोण ठरवतं, हे मात्र विचारू नका. ती ठरलेली असते.

जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. कार्यालयांच्या पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, लेटरहेड बदललं. निधी होता, तत्परता होती. त्याच पाट्यांखालच्या पायऱ्यांना कुणी हात लावला नाही. पायरीवरून मोर्चे निघत नाहीत. काढायचे म्हटलं, तरी ज्यांनी काढायचे त्यांना ती उतरता यायला हवी.

तुळजापूरच्या देवळाला पायऱ्या उतरून जावं लागतं. त्या काही शतकांपूर्वीच्या, तेव्हा नियमावली नव्हती, मिलिमीटर नव्हते. त्यांना काय बोलायचं? पण परवा उद्घाटन झालेल्या सभागृहाला कुठला वारसा आडवा आला?

पैशाचं कारण देऊ नका. नकाशा आखतानाच रॅम्प धरला, दार रुंद धरलं, जोतं थोडं कमी धरलं, तर खर्च इमारतीच्या हिशेबात दिसतसुद्धा नाही. नंतर करायचं, तर फोडा, भरा, पुन्हा बांधा. नवं इस्टिमेट, नवं टेंडर, नवं बिल.

आता कळलं, नंतरच का करतात?

शहरांनी हसायचं कारण नाही. मुंबईत फुटपाथवर दुचाकी चढू नयेत म्हणून खांब रोवले. इतके जवळ, की व्हीलचेअरही आत जाईना. उच्च न्यायालयाला २०२३ मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली. आणि दुचाकीवाल्यांनी काय केलं असेल, हे तुम्हाला माहीत आहे.

दृष्टिहीनांसाठी पिवळ्या खाचांच्या टाइल्स बसवल्या जातात. बऱ्याच ठिकाणी त्या सरळ चालत जाऊन विजेच्या डीपीला भेटतात. डोळस माणसांनी आखलेला मार्ग हा असा.

मग उपाय? आणखी एक विभाग नको, आणखी एक अभियान नको. सुगम्य भारत अभियान ३ डिसेंबर २०१५ ला निघालं, त्याच्या मुदती वाढत वाढत गेल्या. ३ डिसेंबर हा जागतिक दिव्यांग दिन. घोषणा या दिवशी करायची प्रथा आहे. हिशेब देण्याचा दिवस कॅलेंडरात नाही.

ऑडिटही नको. साहेब खुर्चीत बसणार, शिपाई मागून ढकलणार, फोटो येणार, रॅम्प पास.

उपाय साधा आहे आणि त्याला नवा कायदाही लागत नाही. आपल्या व्यवस्थेत एकच कागद असा आहे, जो वेळेवर हलतो. बिल. गुत्तेदाराची अनामत रक्कम खात्याकडे अडकलेली असते, तीही त्याला प्राणाहून प्रिय असते. टेंडरमध्ये एक ओळ घाला. अनामत सुटायला गावातल्या एका दिव्यांगाची सही किंवा अंगठा हवा. मजकूर एवढाच : मी कुणाच्या मदतीशिवाय आत गेलो, स्वच्छतागृह वापरलं, बाहेर आलो.

सही करायला माणूस सापडणार नाही, असं कुणी म्हणू नये. ग्रामपंचायतीने उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, त्यासाठीची यादी दप्तरात आहे. नावं आहेत, वॉर्ड आहेत. फोन नंबरही आहेत, निवडणुकीत ते लागतात.

सळई मोजायला सास्तूरच्या माणसाला भूकंप लागला. रॅम्प मोजायला गुत्तेदाराला अनामत पुरेल. तो मिस्त्रीला स्वतः एकास बारा समजावून सांगेल, तोही फुकटात. जोतं अडीच फुटांवरून आपोआप दीडवर येईल, कारण अठरा फुटांचा रॅम्प तिसापेक्षा स्वस्त पडतो. स्वच्छतागृहातली कपाटं रातोरात हलतील.

आणि काम पुरं झालं, की तोच गुत्तेदार जीप घेऊन दारात हजर होईल. "चला दादा, जरा एवढं आत जाऊन या." दादांनी मात्र घाई करू नये. साहेबांसारखंच सांगावं, आज वेळ नाही, सोमवारी या.